आई अर्धीच बोलली

नातवाने दोन फायली एकीला एक जोडून तिसरी फाईल केली. तिचा आकार पाहिला, तो बरोबर दोघींच्या बेरजेएवढा. आम्ही आजोबा-नातू खूश. मग ती लावली. आई बोलू लागली. आधी बाजरीचा भाव, मग सटाण्याच्या बाजारात भेटलेली कोणी बाई, मग एक ओवी, मग दुसरी. आणि तिसाव्या मिनिटाला, कॅसेटची पहिली बाजू जिथे संपते नेमके तिथे, सगळे थांबले. पुढे काही नाही. फाईल दुप्पट झाली होती, आई मात्र अर्धीच बोलली.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर किंवा दिवाणाच्या पोटात कॅसेटींचा एखादा खोका अजून असेल. वरच्या थरात नाट्यगीते, भावगीते, एखाद्या लग्नात वाजवलेली सनई. आणि तळाशी, बॉलपेनने काहीतरी लिहून पुन्हा खोडलेल्या अशा दोन-चार, ज्यांत घरातलीच माणसे बोलताहेत. आमच्याकडे अशा नऊ निघाल्या. पाच साठ मिनिटांच्या, चार नव्वदच्या. धाकट्या भावाने मस्कतहून टू-इन-वन आणला होता, त्यावर १९८८ ते १९९३ या काळात भरलेल्या. आई मूळची बागलाणातली. माहेरची बोली अहिराणी, सासरी नाशकात आल्यावर बोलायची ती शहरी मराठी, आणि ओवी आली की पुन्हा अहिराणीचे वळण. १९९६ साली ती गेली. सुरुवातीला ऐकण्याचे धाडस होईना. धाडस झाले तोवर टू-इन-वन बिघडला होता. मग २००८ च्या सप्टेंबरात गोदावरी चढली. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले यावर आमच्या गावात पुराची मापे ठरतात. त्या वर्षी दहीपुलाजवळच्या आमच्या वाड्यात खालच्या खोलीतली ट्रंक बुडाली एवढे माप आम्हाला पुरले. तीन कॅसेटी भिजल्या. त्या पंख्याखाली वाळवल्या आणि पुन्हा खोक्यात ठेवल्या. यालाच आपण जतन करणे म्हणतो.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली ही छोटी कॅसेट जगापुढे आणली. चार मिलिमीटरहूनही अरुंद फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने पळणारी, वर चुंबकीय भुकटीचा लेप. नव्वद मिनिटांची फीत त्याच डबीत मावावी म्हणून साठच्या फितीपेक्षा पातळ असते आणि लवकर गुंतते. पेन्सिल घालून ती गुंडाळलेली पिढी अजून हयात आहे, तिला हे सांगायला नको. बाजारात आता चांगले प्लेअर मिळत नाहीत, दुरुस्त करणारे हात तर त्याहून कमी. तेव्हा ज्यांच्या घरी असा खोका आहे त्यांनी तो पुढल्या दिवाळीच्या साफसफाईपर्यंत ठेवू नये, एवढे आधीच सांगून टाकतो. बाकीचा लेख कंटाळवाणा वाटला तरी हे एक वाक्य घ्यावे.

कॅसेट संगणकात घेताना जवळची वाट नाही. तीस मिनिटांची बाजू उतरवायला तीसच मिनिटे लागतात. प्लेअरमधून एक वायर संगणकात, प्लेअर चालू, आणि बसून राहायचे. मूळ दर्जा राखायचा तर वेव्ह नावाच्या प्रकारात घ्यावे. मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट जागा जाते, पण काही गमावत नाही. नऊ कॅसेटींच्या अठरा बाजू, म्हणजे अठरा फायली. आता त्या जोडायच्या होत्या.

इथे नातवाने संगणकावर ती काळी खिडकी उघडली, जिच्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत, आपण आज्ञा टाइप करायची आणि यंत्राने ती पाळायची. कमांड लाइन म्हणतात तिला. त्याने ‘कॅट’ ही आज्ञा दिली. मांजराशी तिचा संबंध नाही. एकापुढे एक लावणे या अर्थाच्या लांबलचक इंग्रजी शब्दाचे ते लघुरूप, १९७१ सालच्या पहिल्यावहिल्या युनिक्सपासून चालत आलेले. ती एका फायलीच्या शेपटाला दुसरीचे डोके चिकटवते, आत काय आहे ते पाहत नाही. घोटाळा तिथेच झाला. वेव्ह फायलीच्या डोक्यावर एक छोटी पट्टी असते. आवाज किती बारकाईने नोंदला आणि एकूण किती आहे, हे त्या पट्टीवर लिहिलेले असते. दोन पोथ्या एका बासनात बांधल्या, पण पहिलीच्या शेवटी ‘समाप्त’ हा शब्द तसाच राहिला, तर वाचणारा हात जोडून उठणारच. प्लेअरने पहिली पट्टी वाचली, तीस मिनिटे वाजवली, आणि उठला.

त्यासाठी समजूतदार आज्ञा लागते. ‘सॉक्स’ नावाचा एक फुकट कार्यक्रम १९९१ पासून आहे. तो प्रत्येक फायलीची पट्टी बाजूला काढतो, आतला आवाज सलग लावतो आणि एकूण लांबीची नवी पट्टी वर चिकटवतो. आज्ञा द्यायलाही सोपी: आधी कार्यक्रमाचे नाव, मग जोडायच्या फायलींची नावे क्रमाने, आणि सगळ्यात शेवटी नव्या फायलीचे नाव. या ‘सगळ्यात शेवटी’कडे वाचकांनी लक्ष ठेवावे, त्यावर मला पुढे यायचे आहे. दुसरा कार्यक्रम ‘एफएफएमपेग’, २००० सालापासूनचा. त्याला फायलींची नावे एका साध्या मजकुराच्या फायलीत, ओळीला एक अशी लिहून द्यायची. तो त्या यादीबरहुकूम जोडतो. एमपी३ सारख्या आधीच दाबून लहान केलेल्या फायली असतील, तर ‘नुसती नक्कल कर, पुन्हा दाबू नकोस’ असे त्याला बजावता येते. हे बजावलेच पाहिजे. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून तिसरी, असे करता करता गाणे कसे घशात बसल्यासारखे व्हायचे, ते आठवा. दर वेळी नव्याने दाबले की इथेही थोडे थोडे तेच होते.

आता कोणी म्हणेल, हे सगळे करायला मोबाइलवर शंभर सोयी आहेत, ही काळी खिडकी कशाला? मीही तेच म्हणालो होतो. पण यातल्या पुष्कळ सोयी तुमच्या आईचा आवाज आधी कुठल्यातरी परक्या संगणकावर चढवायला सांगतात, मध्ये जाहिरात दाखवतात, आणि शेवटी जे परत देतात त्यात काय केले याची नोंद नसते. काळ्या खिडकीत काय टाइप केले ते वहीत उतरवून ठेवता येते. मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरी केलेला माणूस. नोंद नसलेल्या कामाची मला आजही धास्ती वाटते.

यंत्र समजूतदार निघाले तरी माणूस निघतोच असे नाही. आम्ही फायलींना १, २, ३ ते १८ अशी नावे दिली होती. सगळ्या नावांऐवजी तारांकन टाइप केले की यंत्र सगळ्या फायली आपणहून घेते, हे नातवाला ठाऊक. ते त्या कशा क्रमाने घेते, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. ते अक्षरांच्या क्रमाने घेते, जसा शब्दकोश. एक, मग दहा, अकरा, बारा, पार अठरापर्यंत, आणि त्यानंतर दोन. जोडलेले ऐकायला बसलो. दहाव्या बाजूवर आई आत्याच्या तेराव्याला कोण आले, कोण आले नाही ते सांगत होती. अठरावी संपली, दुसरी सुरू झाली, आणि आत्या हसत दारात उभी. ‘‘वहिनी, चहा टाका.’’ माझी धाकटी बहीण उठून आत गेली.

उपाय दोन अक्षरांचा आहे: १ न लिहिता ०१ लिहावे. पण त्या संध्याकाळी मला जे कळले ते उपायापेक्षा मोठे होते. जोडणे म्हणजे डिंक लावणे नव्हे. कशानंतर काय, याचा तो निवाडा असतो, आणि तो आपण न केला तर यंत्र आपल्या पद्धतीने करते. भावाने कॅसेटींवर तारखा लिहिल्या नव्हत्या. कोणती बाजू आधीची हे आम्ही आवाजातल्या खुणांवरून ठरवले. आईच्या दम्यावरून, कुकरच्या शिट्टीवरून, कारण नवा कुकर १९९० च्या दसऱ्याला घेतला, आणि मागे रडणाऱ्या पोरांवरून. जे पोर रडत होते त्याचे आता केस पिकू लागले आहेत.

मग प्रश्न आला मधल्या रिकाम्या जागांचा. आई दोन ओव्यांमध्ये थांबायची. कधी पाच सेकंद, कधी दोन मिनिटे. नातवाचे म्हणणे, शांतता आपोआप कापून काढणारी सोय त्याच कार्यक्रमात आहे. ती वापरली तर अकरा तासांतला दीडेक तास वाचेल. ‘‘आबा, एवढं कोण ऐकणार आहे?’’ त्याचे चूक नव्हते. मी कानाला यंत्र लावून त्या रिकाम्या जागा ऐकल्या. त्या रिकाम्या नव्हत्याच. तांदूळ निवडताना ताटात पडणारा खडा. खाली सायकलची घंटी. आणि जवळजवळ प्रत्येक दुपारी, वाऱ्याबरोबर येणारी तांबट आळीतली ठोक. तांब्याच्या पत्र्यावर लाकडी आणि लोखंडी हातोड्या पडताहेत, एकीचा आवाज बद्द, दुसरीचा खणखणीत. जुन्या नाशकात वाढलेल्याला तो आवाज घड्याळासारखा होता. आई ओवी म्हणताना त्या ठोक्याची वाट पाहते असे एकदोन ठिकाणी वाटते. वाटते एवढेच म्हणतो.

पुणे आकाशवाणीवर १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि १९५६ च्या १९ एप्रिलला संपले. गदिमांची छप्पन्न गीते, सुधीर फडक्यांच्या चाली, आठवड्याला नवे एक. आमच्या पंचवटीत त्या दिवसांत रेडिओ ज्याच्या घरी त्याच्या ओट्यावर आळी जमायची, असे आई सांगायची. आज ती सगळी गीते सलग एका फायलीत मिळतात. ऐकायला काही हरकत नाही. पण तेव्हा सीतेची चोरी झाल्यावर पुढे काय याची वाट पाहण्यात आठवडा जायचा, आणि तो आठवडा कुठल्याच फायलीत नाही. आमच्या कॅसेटींतल्या दोन मिनिटांच्या शांततेची बरोबरी मी त्याच्याशी करत नाही. कापण्यापूर्वी एकदा कान द्यावा, इतकेच. आम्ही कापल्या नाहीत. नातवासाठी चाळीस मिनिटांची वेगळी निवड केली, ती त्याने सर्वांना धाडली, आणि अकरा तास जसेच्या तसे ठेवले.

अकरा तास एका वेव्ह फायलीत मात्र मावेनात. त्या डोक्यावरच्या पट्टीत लांबी लिहायला जागाच चार गीगाबाइटपुरती आहे, म्हणजे आपल्या मापाने पावणेसात तास. पावणेसात तासांहून जास्त कोणाची आई बोलेल, असे ती पट्टी आखणाऱ्याला वाटले नसावे.

आता जरा अवघड गोष्ट. तिसऱ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर, चार ओव्यांनंतर, आई शेजारच्या काकूंशी बोलते. यंत्र चालू आहे हे ती विसरली असावी. चाळीस सेकंदांचे बोलणे आहे आणि ते तिच्या सुनेबद्दल आहे. माझ्या बायकोबद्दल. शाळेतून आली की खोलीत जाते, दोन शब्द बोलत नाही, आणि भाजीत मीठ म्हणून घालत नाही. नातवाने ते आधी ऐकले. माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, ‘‘आबा, हे ठेवायचं?’’ भावाला फोन केला. तो म्हणाला, काप, चाळीस सेकंदांसाठी घरात कशाला कटकट. बहीण म्हणाली, ठेव, पण वहिनीला कळू देऊ नकोस. दोन्ही सल्ले प्रेमाचे, आणि दोन्ही चुकीचे वाटले. मी बायकोला बोलावले आणि ऐकवले. तिने ऐकले, ‘‘पुन्हा लावा’’ म्हणाली, पुन्हा ऐकले.

‘‘मीठ कमी घालत होते, कारण त्यांना रक्तदाब होता. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, तुमच्यासमोर नाही. तेवढं कोणीतरी लिहून ठेवा तुमच्या त्या यादीत.’’

‘‘मग हे ठेवू?’’

‘‘ठेवा की. आवाज बघा किती स्वच्छ आलाय.’’

यादीत लिहिले. तिसरी कॅसेट, बाजू ब, अठराव्या मिनिटापासून चाळीस सेकंद. मिठाबद्दल सूनबाईंचा खुलासा.

ही यादी हेच माझे या लेखातले म्हणणे आहे. एफएफएमपेगला द्यायची म्हणून आम्ही ती केली, तेव्हा ती निव्वळ अठरा नावे होती. मग प्रत्येक नावापुढे आम्ही शेरे लिहू लागलो, वेगळ्या वहीत. कोण बोलते आहे, कोणत्या साली, कुठे बसून, आधीचे-नंतरचे कशावरून ठरवले, काय ऐकू येत नाही. पोथीला अनुक्रमणिका असावी तसे. लोक जोडलेल्या मोठ्या फायलीला जपतात आणि तुकडे पुसून टाकतात, जागा अडते म्हणून. मी नेमके उलटे करायला सांगेन. तुकडे जपावेत, यादी जपावी. जोडलेली फाईल गेली तर जाऊ द्यावी. यादी आणि तुकडे असले की ती एका ओळीच्या आज्ञेने पुन्हा होते, आणि उद्या बहिणीला कळले की सातवी बाजू नववीच्या नंतरची आहे, तर यादीतली एक ओळ वरखाली केली की झाले. नुसती जोडलेली फाईल मात्र घट्ट शिवलेल्या गोधडीसारखी. कुठला तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे शिवणारी गेली की कोणी सांगत नाही.

लांब कशाला, आमच्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लोकांपुढे आला, त्याची रिळे चार. आज त्यातले पहिले आणि शेवटचे एवढेच उरले आहे, आणि तेही १९१३ चे की १९१७ साली त्यांनी पुन्हा काढलेल्या आवृत्तीचे, यावर अभ्यासक अजून भांडतात. डबीवर एक ओळ नीट लिहिलेली असती तर भांडण उरले नसते. त्याच्याही आधी, १९०२ साली, कलकत्त्यात गौहर जान तबकडीसाठी गायल्या आणि गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगून मोकळ्या झाल्या. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला कोणाचा आवाज ते कळावे म्हणून ही रीत. लोक तिला बाईंची ऐट समजतात. होती ती चिठ्ठीच, आवाजातच चिकटवलेली, सुटून पडू न शकणारी. आपल्या घरात आजही कोणी मोबाइलवर आजीचे बोलणे भरत असेल, तर आधी तारीख, गाव आणि नाव तोंडाने बोलावे. पाच सेकंद लागतात.

ओव्यांच्या बाबतीत हे काम पुण्यात मोठ्या प्रमाणावर झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळ बर्नार्ड बेल यांच्या मदतीने ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या क्रमाने येत आहेत. त्यांच्या नोंदीत ओवीबरोबर बाईचे नाव असते, गाव असते, तालुका असतो. म्हणून ती ओवी कोण्या ‘अज्ञात लोककवी’च्या नावावर जात नाही. आमच्या वहीला मी तेवढी बिशाद लावत नाही. पण नाशिकसारख्या शहरात, जिथले सार्वजनिक वाचनालय १८४० पासून पुस्तके सांभाळते आहे, तिथे एखाद्या वाचनालयाने एक टेबल, एक चालता कॅसेट प्लेअर, एक जुना संगणक आणि आठवड्यातून दोन दुपार बसणारा एक कॉलेजचा मुलगा एवढी सोय केली, तर किती खोके माळ्यावरून खाली येतील. खर्च फारसा नाही. कार्यक्रम फुकट आहेत.

आता ते ‘सगळ्यात शेवटी’.

भिजलेल्या तीन कॅसेटी सटाण्याच्या. तिथे मावशीच्या घरी खरे जाते होते आणि दोघी बहिणी समोरासमोर बसून, खुंट्याला हात लावून ओव्या म्हणत होत्या, एकीने टाकायची, दुसरीने उचलायची. आमच्या सगळ्या खोक्यात जात्याची घरघर फक्त याच तीन कॅसेटींत आहे. त्या मी शेवटी घेतल्या, फार जपून. सहाही बाजू उतरल्या. शेवटची उतरत असताना मी ऐकत बसलो नाही. यंत्र चालू ठेवून भाजी आणायला गेलो. आता सगळे संगणकात येणारच आहे, मग ऐकू, असे मनात. रात्री नातू झोपल्यावर मी एकट्यानेच जोडायला बसलो. मला आता येत होते ना. कार्यक्रमाचे नाव टाइप केले, तारांकन टाकले, आणि कळ दाबली. नव्या फायलीचे नाव द्यायचे राहिले.

सॉक्सला शेवटचे नाव म्हणजे नवी फाईल, एवढेच ठाऊक. तारांकनातून त्याला सहा नावे मिळाली. त्याने पहिल्या पाच जोडल्या आणि सहावीवर लिहून टाकल्या. विचारले नाही, न विचारता लिहिणे हीच त्याची रीत आहे, आणि ते त्याच्या माहितीपुस्तकात लिहिलेले आहे. विचारायला लावता येते, हेही तिथेच लिहिलेले आहे. मी वाचले नव्हते. दोष आज्ञेचा नाही. प्रेसमध्ये माझ्या हाताखालच्या माणसाने हे केले असते तर मी त्याला काय बोललो असतो, ते मला चांगले ठाऊक आहे.

सकाळी तीच कॅसेट पुन्हा लावली. पुराचे पाणी खाल्लेली फीत, एकदा चालली हेच नशीब होते. अकरा मिनिटे चालली आणि आत चिकटून तुटली. जोडून पाहिली, लेपच सुटून हाताला येत होता. राहिली ती एकोणीस मिनिटे कोणी ऐकलेली नाहीत. भावाने भरली आणि परत कधी लावली नाही, आणि मी भाजीला गेलो होतो.

तेव्हापासून तुकड्यांची एक प्रत बहिणीकडे, एक भावाकडे आणि एक आमच्याकडे असते, आणि जोडाजोड केवळ नकलेवर करतो. यादीत नवव्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूपुढे ‘११ मिनिटे. पुढचे माझ्या हातून गेले’ असे लिहिले आहे. नातू म्हणाला, एवढं कशाला लिहायचं. मी राहू दिले.

गेल्या चैत्रात ती अकरा मिनिटे घेऊन सटाण्याला गेलो. मावशी आता नव्वदीच्या घरात. डोळ्यांनी दिसत नाही, कान चांगले आहेत. तिने दोन्ही आवाज ओळखले, मग मध्येच बोलणारा एक तिसरा ओळखला, जो आम्हाला कोणालाच ओळखता आला नव्हता. तो तिच्या जावेचा निघाला. मी वहीत लिहून घेतले. अकरा मिनिटे संपली. घरघर मध्येच तुटली. मावशी थोडा वेळ थांबली, मग पुढचे का लावत नाहीस म्हणाली. मी झाले ते सांगितले. तिने जरा आठवल्यासारखे केले आणि अहिराणीत सांगितले की पुढे काही नव्हतेच, त्या दिवशी दळण संपले होते आणि त्या चहा प्यायला उठल्या होत्या.

खरेच आठवत होते की मला बरे वाटावे म्हणून म्हणाली, ते तिच्या तोंडावरून कळेना. दोन्ही शक्यता वहीत लिहिल्या आहेत.